गार राख

बी जिवंत आहे की मेलेलं, हे नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही. मलाही येत नव्हतं, आणि मी एकतीस वर्षं बी विकलं. गिऱ्हाईक पाकीट कानाशी धरून खुळखुळवायचं आणि विचारायचं, "उगवंल ना?" मी मान डोलवायचो. खरं उत्तर एकच होतं : लावून बघा. पण दुकानाच्या खुर्चीत बसून तसं बोलता येत नाही.

नांदूरघाटच्या अलीकडच्या एका गावात तालुक्याच्या सहकारी संघाचं दुकान होतं, त्याचा मी व्यवस्थापक. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथली माणसं अजून मला लग्नाला बोलावतात आणि तो मान मला घालवायचा नाही. मृगाच्या आधीचे पंधरा दिवस दुकानापुढं रांग, भांडणं, ढकलाढकली. उरलेलं वर्ष मी, तराजू आणि युरियाच्या वासाला सरावलेल्या माशा. गावातली निम्मी घरं दसरा झाला की ऊसतोडीला कारखान्यांवर जायची आणि चैत्रात परत यायची. त्या सहा महिन्यांत गल्लीत नुसती कुलपं दिसत.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना सांगायला हवी. पाकिटातलं संकरित बी पीक झकास देतं, पण त्या पिकातून तुम्ही बी धरलं तर ते आईबापावर जाईलच असं नाही. एकदा एक बाई तरातरा दुकानात आली. आदल्या वर्षी माझ्याकडून नेलेल्या दोडक्याचं बी तिनं घरी धरलं होतं. त्यातले काही वेल नुसतेच पसरले, काहींचे दोडके बोटाएवढे होऊन थांबले. मी तिला समजावलं, हे बी दरसाल नवीन घ्यायचं असतं. ती म्हणाली, "म्हंजे दरसाल तुमच्याच दारात यायचं?" मी हो म्हणालो. त्या वेळी मला ती धंद्याची खुबी वाटली होती.

दरसाल दारात येऊनही काही न घेणारं एकच गिऱ्हाईक होतं, तात्याबा. मृग जवळ आला की हा म्हातारा यायचा, युरियाच्या पोत्यावर बैठक मारायचा आणि एकेक पाकीट हातात घेऊन मोठ्यानं वाचायचा. वाणाचं नाव, उगवणशक्ती, खालची "विषारी, खाण्यास वापरू नये" ही ओळसुद्धा. सगळं वाचून झालं की पाकीट जागेवर ठेवायचा, "छापलंय झ्याक" म्हणायचा आणि निघून जायचा. एकदा रांगेच्या गडबडीत मी वैतागून म्हणालो, "तात्याबा, आयुष्यात एकदा तरी एक पाकीट घ्या!"

"कावून? माह्या घरचं बी संपलं का?" तो म्हणाला, आणि पुढचं पाकीट वाचायला घेतलं. रांग खदखदून हसली. मीही हसलो, पण त्या दिवसापासून तो आला की मी खतांच्या खोलीत काहीतरी काम काढायचो.

केशरबाई मात्र दुकानात आली ती वेगळ्याच मागणीनं. चाळिशीची, काटक बाई. मुरमाड दोन एकर रान, आणि दरसाल नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाणारी. काउंटरवर दोन्ही हात ठेवून म्हणाली, "भाऊ, बी न्हाई पायजे. रिकामा डबा हाय का एकांदा?"

"कशाला?"

"सा म्हैने घर बंद ऱ्हातंय. भिताडाला उंदरं लागत्यात. बी खात्यात."

भिंतीला उंदीर लागून बी कसं खातात हे मला कळेना. डबा द्यायच्या निमित्तानं मी तिच्या घरी गेलो. मागच्या भिंतीवर तळहाताएवढ्या शेणाच्या थाप्या ओळीनं बसवल्या होत्या आणि प्रत्येक थापीत बी दाबलेलं होतं : दोडका, दुध्या, कारलं, घोसाळं. शेण वाळलं की आतल्या बीला कीड लागत नाही. लावायच्या वेळी थापी फोडायची, बी भिजवायचं आणि आळ्यात टोचायचं. जे बी शेणात ठेवत नाहीत ते, म्हणजे घेवडा, वाल, अंबाडी, ती चुलीच्या राखेत कालवून मडक्यात ठेवी. मी शेतकीची पदविका घेतलेला माणूस. माझ्या दुकानापासून दोनशे पावलांवर हे दुसरं दुकान चालू होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

तिच्यामुळे मला पुष्कळ गोष्टी दिसायला लागल्या. कारखान्यावर राहायच्या कोपीमागे, म्हणजे पाचटाच्या झोपडीमागे, ती मेथी-कोथिंबीर टाकते. भांडी घासलेलं पाणी तिकडंच वळवते. गावी असली की बांधावरून तांदुळजा, पाथरी, चिघळ असल्या रानभाज्या खुडून आणते आणि बाजाराला पाठ दाखवते. एक दिवस माझ्या कपाटातल्या तणनाशकाच्या बाटलीकडं बोट दाखवून तिनं विचारलं, हे कशावर मारायचं. मी तणांची नावं सांगितली. ती म्हणाली, "म्हंजे माही भाजी मारायचं औषिद इकता व्हय तुमी?" मी ती बाटली वरच्या फळीवर, मागं सरकवून ठेवली. विकणं काही बंद केलं नाही.

आणि तिचं वाळूक. मराठवाड्याबाहेरच्यांसाठी सांगतो : वाळूक म्हणजे काकडीच्या घराण्यातलं रानचं फळ. बाजरीत, ज्वारीत पेरतात. पिकलं की पिवळं होऊन उलतं, तडकतं आणि वास बांधापर्यंत येतो. केशरबाईचं वाळूक वेगळं होतं. पाऊस पोळ्याआधीच तोंड फिरवून गेला तरी तिच्या मुरमात वेल टिकायचा आणि भादव्यात, घरात दुसरं काही नसताना, भाकरीबरोबर खायला फळ द्यायचा. ते बी तिच्या आईचं. लग्नात आईनं ओटीत बांधून दिलेलं.

मग ते वाईट साल आलं. मृगात दोन सरी आल्या आणि नंतर आभाळ नुसतं भरून यायचं, रितं व्हायचं. परसातले वेल पोळ्याच्या आतच वाळले. बायकांच्या हाती आलं ते मूठमूठ बी. टँकर गावात दिवाळीआधीच सुरू झाला. त्या साली ऊसतोडीला नेहमीपेक्षा जास्त घरं निघाली, आणि बंद घरातलं ते मूठमूठ बी कुणी सांभाळायचं, हा खरा प्रश्न होता.

मला एक कल्पना सुचली. चांगली कल्पना होती, हे आजही म्हणतो. बायकांचं एक बियाणे मंडळ करायचं, सगळ्यांचं बी पुरचुंड्या बांधून, नावाच्या चिठ्ठ्या लावून संघाच्या दुकानात डब्यांत ठेवायचं आणि अक्षय तृतीयेला, आमच्याकडे तिला आकिती म्हणतात, आळ्यांत बी टोचायच्या दिवशी ज्याचं त्याला द्यायचं. केशरबाई पहिली सभासद झाली. ती झाली म्हणून बाकीच्या झाल्या. संघाच्या अध्यक्षांनी ऐकलं आणि पाहणीला येतो म्हणाले. तिथून माझं डोकं फिरलं.

एवढ्या डब्यांना पुरेल इतकी राख आणायची कुठून? निम्म्या चुली विझलेल्या. तेव्हा मला परळीची आठवण झाली. तिथल्या वीज केंद्राची राख वीटभट्ट्यांना नेणारा एक ट्रकवाला ओळखीचा होता. त्याच्याकडून चार पोती राख उतरवून घेतली. पाण्याबरोबर सोडून तळ्यात साठवलेली ती राख, करडी, पिठासारखी, एकसारखी. ताडपत्रीवर दुकानाच्या गच्चीत एक दिवस उन्हात पसरली. वरून हात फिरवला तर कोरडी ठणठणीत. मी इतका खूश होतो की डब्यांची झाकणं मेणानं बंद करायचंही ठरवून टाकलं.

बायका बी घेऊन आल्या त्या दिवशी केशरबाईनं त्या राखेत कोपरापर्यंत हात घातला आणि तसाच ठेवला.

"भाऊ, ही राख गार लागतीया."

"परळीची राख आहे, केशरबाई. विजेची! तुमच्या चुलीत असली निघेल का?"

"चुलीची राख कशी, हाताला कायबी लागत न्हाई. ही गार हाय."

"राख ती राख," मी म्हणालो. बायका हसल्या. ती हसली नाही.

मग तिनं तिची पुरचुंडी पुढं केली. मी विचारलं, "वाळूक एवढंच?" ती म्हणाली, अर्धं भिंतीला लावलंय, नेहमीसारखं. इथं मी जे बोललो ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. सगळ्या बायकांसमोर मी म्हणालो, "पहिल्या सभासदाचाच संस्थेवर भरवसा नाही, मग बाकीच्यांनी काय करायचं? आणि भिंतीला उंदीर लागतात, हे तुम्हीच सांगितलं ना?"

ती तशीच घरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक भरत होता, संसार वर चढत होता, तेवढ्यात ती पदरात शेणाच्या खरवडलेल्या थाप्या घेऊन आली. थाप्या फोडून बी वेगळं करायला तिला वेळ नव्हता, ते मी केलं. सगळं वाळूक डब्यात गेलं. मेण लावलं. आठ दिवसांनी अध्यक्ष आले, फोटो निघाला. त्यात मी आहे, डबे आहेत, अध्यक्ष आहेत. ज्यांचं बी होतं त्यातलं कुणी नाही, त्या सगळ्या उसाच्या फडात होत्या.

आकितीला डबे उघडले. पहिलं झाकण निघालं आणि बुरशीचा वास आला. मला वाटलं एखादाच डबा असेल. दुसरा उघडला, तिसरा उघडला. ती राख वरून वाळली होती, आत ओल होती. मेणानं मी ती ओल आत कोंडून टाकली होती. पुरचुंड्यांची फडकी काळी पडलेली, बी एकमेकांना चिकटलेलं. राखेचा दोष नव्हता. ती मी वाळवली नव्हती.

बायकांनी मला जे सुनावलं ते सगळं मला लागू होतं. एक म्हणाली, "फोटूतलं बी द्या आता आमाला." मी दुकानातली पाकिटं काढली, माझ्या खिशातून भरतो म्हणालो, आणि वाटली. बहुतेकींनी घेतली, घेतील नाहीतर काय करतील? बाकी बरंचसं बी त्यांनी पुढं माहेरून, बहिणींकडून जमवलं. केशरबाईनं पाकीट घेतलं नाही. तिनं वाळकाचा एक दाणा नखानं फोडला, आतला तपकिरी मगज बघितला आणि पुरचुंडी पुन्हा बांधली.

"राख गार लागत व्हती, भाऊ," ती म्हणाली. एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

तिचं वाळूक गावात दुसऱ्या कुणाकडे असेल असं वाटत नव्हतं. पण तिनं ते वर्षानुवर्षं मागेल त्याला दिलं होतं. मी तिच्याकडून आठवतील तेवढी नावं घेतली, सात निघाली, आणि रविवार आला की मोटारसायकल काढायचो. चौसाळ्याला तिची नणंद होती. तिनं चहा केला, खुर्ची पुसून दिली आणि म्हणाली, "व्हतं की वाळूक! पन मंग तुमच्याच संघातून पाकीट आनाया लागलो. त्येच्यावर काकडीचं चित्र हाय बगा, लई सोपं पडतंय." दुसरीकडे तेच. तिसऱ्या घरी तर माझं कौतुक झालं, तुमच्या बीला मरण नाही म्हणून. सहा घरं झाली, सहाही ठिकाणी माझ्याच दुकानातलं पाकीट. मी एकतीस वर्षांतली विक्री मोजून मिरवणारा माणूस. ती विक्री घराघरांत काय करून बसली होती हे त्या उन्हाळ्यात मला दारोदार फिरून कळलं.

सातवं नाव तात्याबाच्या बायकोचं होतं. ती वारली होती. राहिला तात्याबा. तो गावातच होता, माझ्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर, आणि म्हणूनच त्याच्याकडे जायची माझी छाती होईना. दारोदार भीक मागायला मी तयार होतो, पण त्याच्यापुढं नाही. पेरण्या झाल्या. त्या साली पाऊस बरा पडला. भादवा सरला, आणि केशरबाईच्या रानात बाजरी होती, वाळूक नव्हतं. ती मला रस्त्यात भेटली की "बरं हाय का भाऊ" म्हणायची. शेवटी ते मला सोसेना.

तात्याबा बाजरीच्या रानात पाखरं हाकत बसला होता. मला बघून उठला नाही.

"काय बे म्यानेजर, परळीची राख संपली का?"

मी म्हणालो, "संपली."

"मंग?"

"केशरबाईचं वाळूक. तुमच्या घरी नेलं होतं तिनं दिलेलं. आहे का?"

तो उठून बाजरीत शिरला, वाकला आणि एक पिवळं, उललेलं फळ घेऊन आला. माझ्या हातात ठेवून म्हणाला, "वाच."

"काय?"

"माह्याकडच्या मालावर काय छापल्यालं न्हाई. खाऊन बग. आन् बी गिळू नको बे, हातावर थुक."

मी बांधावर बसून ते वाळूक खाल्लं. रस कोपरापर्यंत ओघळला. वास तोच, केशरबाईच्या घरातला. बी मी तळहातावर गोळा करत गेलो आणि तात्याबा ते बघत राहिला. मग पाखरांकडं बघतच म्हणाला, "मंडळी गेली तवा घरातलं समदं सुनांनी वाटून घेतलं. लुगडी, भांडी. ह्ये कुनी मागितलं न्हाई. म्हून दरसाल टाकतो म्या."

रानात त्यानं तीन फळांना चिंध्या बांधून ठेवल्या होत्या. चिंधी म्हणजे हे फळ बीसाठी राखलंय, कुणी तोडायचं नाही. त्यातलं एक त्यानं स्वतः तोडून मला दिलं. मी काय द्यावं ते सुचेना. म्हणालो, पुढच्या मृगाला दुकानात या. तो म्हणाला, "येनारच हाय. वाचायला."

दसऱ्याला चार दिवस होते. केशरबाईच्या दारात पुन्हा बोचकी बांधणं चाललं होतं. मी ते फळ तिच्यापुढं ठेवलं. तिनं ते उचलून नाकाशी नेलं आणि डोळे मिटले. मग तिनं विळा घेतला, फळ चिरलं, बी काढून धुतलं, फडक्यावर पसरलं. उन्हात ते वाळेपर्यंत दोन दिवस गेले, आणि तिसऱ्या दिवशी मी परत गेलो तेव्हा निम्मं बी भिंतीवर शेणात बसलेलं होतं.

उरलेलं फडक्यातच होतं. "डबा आनलाव का?" तिनं विचारलं.

मी आणला नव्हता. माझी हिंमतच झाली नव्हती. धावत दुकानात जाऊन आणला. तिनं परातीत राख काढली, तुराट्यांची, चाळलेली.

"हात घाला."

मी घातला.

"काय लागतंय?"

"काहीच नाही."

"मंग भरा."

मी विचारलं, "केशरबाई, पुन्हा माझ्याकडं कशाला?" ती बोचक्याची गाठ ओढत होती. म्हणाली, "भिताडाला उंदीर लागला तर म्या कुटं जाऊ?"

तो डबा मी संघात ठेवला नाही. घरी, देवाच्या फळीवर ठेवला. पंधरा दिवसांनी एकदा झाकण काढून राखेत बोट घालायचो. बायको म्हणायची, एवढं तर तुम्ही देवाकडंही बघत नाही.

चैत्रात एक दिवस सकाळी माझ्या दारात ट्रक थांबल्याचा आवाज आला. केशरबाई उतरली, डोक्यावर बोचकं, पायात उसाच्या पाचटानं झालेल्या चिरा. मी पाणी दिलं. विचारलं, "भिंतीवरचं कसं आहे?"

"कुनाला ठावं," ती म्हणाली. "घराचं कुलूप आजून काडलं न्हाई. आदी डबा काडा."